विटाळ न मानणाऱ्या घरातलं बाळ

टेंभुर्णी, ६ मार्च १९७४

ती. महादेवीअक्काच्या सेवेशी शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझी दाक्षायणी सोलापुरी दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली हे वाचून पेढे आणवले आणि पुढची ओळ वाचून तसेच झाकून ठेवले. नातवाची आतडी बेंबीपाशी पातळ पिशवीत बाहेर आली आहेत आणि पुण्याचे सर्जन येऊन ती आत बसवणार आहेत. ठीक. पण तोवर बाळाला कोणी उचलायचं नाही. दाक्षीने तर नाहीच. ती पहिल्यापासून धांदरट, दुकानातल्या किती बरण्या तिने फोडल्या हे तू जाणतेस. दुकानाचा माल आणणारा आपला ट्रकवाला गुंडाही हेच सांगतो, की काचंचा माल एकदा ठिवला की मुक्कामापतूर हलवायचा न्हाय.

बाळाला इष्टलिंग बांधायला मठातले अय्या, म्हणजे जंगम, येतील, त्यांना तेवढी मोकळीक आहे. हे पत्र पाळण्याच्या उशाशी लाव.

माया पाळण्यावर असू दे, हात नको.

तुझा धाकटा,
चनबसप्पा

सोलापूर, ८ मार्च १९७४

चि. चनबसप्पास अक्काचे अ. उ. आ.

तुझं फर्मान लावलं. ते वाचून जावई दारातूनच बाळ बघतात. काल अय्यांनी लिंग बांधलं, त्यांच्या मागोमाग गल्लीतल्या बायका आल्या आणि बाळाचे गाल कुरवाळून गेल्या. लांब बसली ती फक्त आई.

तम्मा, माझ्या धाकट्या भावा, दर बसवजयंतीला तू घसा कोरडा करून सांगतोस, की आपल्या लिंगायतांत सुतक नाही, विटाळ नाही, बाळ-बाळंतिणीला खुशाल शिवावं. मग आता आईचाच विटाळ कुठून काढलास? लोका सांगे ब्रह्मज्ञान!

उभ्या टेंभुर्णीला विचारलंस, डॉक्टरांना विचारायचं तेवढं राहिलं. ते मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की पिशवी फुटली असती तर गोष्ट वेगळी होती; ही शाबूत आहे आणि पट्टी नीट बांधली आहे. नर्स जवळ असताना, पोटावर दाब न देता, आईने जरूर घ्यावं. ऑपरेशननंतर मात्र बरेच दिवस घेता येणार नाही. ऑपरेशन अवघड आहे, भरवसा देता येत नाही, असंही त्या म्हणाल्या.

तरी दाक्षी तुझ्या शब्दाबाहेर जात नाही. तिने मला एवढंच सांगितलं, की आत्या, अप्पांना विचार, माझं लेकरू माझ्या मांडीवर न येताच गेलं तर मी काय करू. याचं उत्तर तूच धाड.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

अक्का

टेंभुर्णी, १० मार्च १९७४

ती. अक्कास शि. सा. न.

खरं सांगतो, बरण्यांचं निमित्त होतं. घेतलेलं लेकरू गेलं तर पोर खचेल, न घेतलेलं विसरेल, असा माझा हिशेब होता. तो मी दाक्षीच्या आईला, बसव्वाला, ऐकवला. दाक्षीच्या आधीची आमची मुलगी जन्मतःच गेली, तेव्हा थोरल्यांनी ती बसव्वाच्या हाती दिलीच नव्हती. आज बसव्वाने विचारलं, की ती मी विसरले, असं तुमाला कुनी सांगितलं?

अक्का, ते पत्र फाडून टाक. दाक्षीला म्हणावं, घे. आम्ही दोघं उद्याच्या एस. टी.ने निघतो.

तुझा,
चनबसप्पा

सोलापूर, १९ मार्च १९७४

चि. चनबसप्पास आशीर्वाद.

दुकानासाठी तुम्ही दोघं परत गेलात आणि वॉर्डातल्या नर्सा तुझ्या तावडीतून सुटल्या. बाळाने धोतर भिजवलं तरी मांडी न हलवणारा आजोबा त्यांनी प्रथमच पाहिला म्हणे. काचेचा माल तुझ्याकडून काढून घ्यायला दोघी लागल्या!

ऑपरेशन पार पडलं. आतडी आत बसली, टाके सुकताहेत, आणि डॉक्टरीणबाई आता बाळ जगेल असं स्वतःहून म्हणाल्या. मात्र तुझा पहिला हुकूम पुन्हा लागू झाला आहे, अजून कोणीही उचलायचं नाही. मला वाटलं दाक्षी रडेल. तर ती म्हणाली, की किती दिवस लागायचे ते लागू देत, त्याचं वजन माझ्या हातांना ठाऊक झालंय.

बसव्वाला जपून आण. झाकलेले पेढे फेकून दे आणि येताना ताजे घेऊन ये.

अक्का