दाजींनी नांगरलेला गहू

मु. पेडगाव

तीर्थरूप माणिकराव दाजींच्या पायावर धाकट्या मेव्हण्याचं, म्हणजे वैजीनाथचं, डोकं. इकडं समदे खुशाल हायेत. तुमची तब्येत, बैलांची तब्येत अन् रागाची तब्येत कशी हाय ते कळवावं. फोन तुमी उचलंना झालात, म्हणून हा कागद. (अक्के, तूच वाचून दाखवायलीस हे मला मालूम हाय. मधलं गाळू नको.)

झालेली गोष्ट पहिल्यापासून सांगतो, कारण त्या दिवशी तुमी ऐकून न घेताच बैलं टेम्पोत चढवली. कालव्याखालच्या, पाणी धरणाऱ्या चिबड रानात सोयाबीन दरसाली सडतं, म्हणून आमी तिथं पावसाळ्यात भात अन् हिवाळ्यात गहू घेतो. भाताची चिखलणी तुमच्याच बैलांनी होती, अन् भात निघाल्यावर गव्हाची नांगरट बी. तुमी येता, संगं अक्का येती, घर भरून जातं. पर चिखलणी केलेलं रान वाळलं की नांगराला इटांवानी ढेकळं निघत्यात. ती फोडस्तोवर गव्हाची येळ टळती अन् दाणा उन्हात सापडून बारीक पडतो. (गेल्या सालच्या गव्हाच्या पोळ्या अक्कानं निमूट खाल्ल्या, ही तिची माया.) म्हणून यंदा भाताच्या धसकटातच, रान न नांगरता, चीर पाडून बी सोडणाऱ्या यंत्रानं गहू पेरला. गाव लय हसलं. शेजारचा सटवाजी म्हणला, रान झोपेत असतानाच पेरलंस की रे! तुमाला मात्र मुद्दाम कळवलं न्हाई. रान उलथं केल्याबिगर पेरणं म्हणजे आंघोळ न करता जेवणं, हे तुमचंच बोलणं. मग कोणत्या तोंडानं सांगू, की दाजी, यंदा तुमच्या नांगराचं काम न्हाई?

अन् तुमी काय केलं! माझी कंबर दुखायली हे अक्काला फोनवर कळलं, तर तुमी सकाळीच बैलं घेऊन वालूरहून निघालात. बी अजून उगवलं नव्हतं. उभी धसकटं बघून तुमाला वाटलं, बिचारा वैजीनाथ हातरुणाला खिळला, नांगरट राहिली. घरी चहाला बी न येता थेट नांगर धरला. मी रानात येऊन बघतो तर पेरलेल्या रानाची काळी माती उताणी पडलेली, अन् तुमी बैलांशी लाडानं बोलायलात! मी बांधावरूनच बोंबललो. काय बोंबललो ते अक्कापुढं लिहवत न्हाई. (लिहितो. "कुणी बोलावलं होतं तुमाला?")

दाजी, मेव्हण्याचं दुखणं ऐकून जो माणूस बैलं घेऊन धावतो, त्याला हे विचारणारी जीभ झडावी. तुमी बैलं सोडली. नांगर उचलला अन् ज्ञानेश्वरीनं रानात आणलेला चहा तसाच ठेवून गेलात. तवापास्नं बायको असून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायली. आता येळवशीची अमावस्या तोंडावर आली. रानातली पूजा दरसाली तुमच्या हातानं होती. यंदा मी एकटाच आंबील घेऊन त्या बांधावर उभा राहू का? लय वंगाळ वाटायलंय, दाजी. दोघं बी या.

तुमचा वैजीनाथ

ता. क. गहू समदीकडं झकास उगवला. तुमी नांगरलेल्या पट्ट्यात बी खोल गाडलं गेलं, तिथं काय न्हाई. लोक विचारायलेत, हितून रस्ता जाणार हाय का? ज्ञानेश्वरीनं तिथं येळवशीच्या भज्जीला, म्हणजे मिसळभाजीला, मेथी टाकली, ती तरारून आली हाय. दाजी आल्याबिगर कुणी खुडायची न्हाई, असा तिचा हुकूम हाय.

आणखी एक. बैलं खुशाल आणा. नांगर मात्र वालूरलाच राहू द्या.

शेवटचं. बरं, नांगर बी आणा. विहिरीजवळचा तुकडा मी यंत्रवाल्याला दाखवलाच न्हाई. तिथं काय पेरायचं ते अजून ठरलं न्हाई. नांगरायचं कुणी, ते ठरलंय.