सहा नंबरच्या डब्याला चार गुण

सीडर फोर्क, कॅन्सस
ऑगस्टचा दुसरा मंगळवार, डब्यातलं सूप पिऊन झाल्यावर

तीर्थस्वरूप व्हेल्माताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे हार्लनचा, वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे लेखी. प्रत्यक्ष वाकलो तर उठवायला आर्डिथ लागते, आणि बायको सध्या मला उठवण्याच्या मनःस्थितीत नाही.) तुझा नवा खुबा कसा आहे? जिने चढतेस का? नेब्रास्कात उकाडा फार आहे असं ऐकलं, तेव्हा भर दुपारी टोमॅटोच्या वाफ्यात जाऊन बसू नकोस. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त माझ्याशी कोणी बोलत नाही. आर्डिथ दर रविवारी तुला फोन लावून मागच्या अंगणात जाते, ती काही हवापाण्यावर बोलायला जात नसणार. म्हणून जे झालं ते माझ्या हाताने लिहून पाठवतो. माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

तुला ठाऊकच आहे, तीस वर्षं मी सरकारी नोकरीत लोकांचे वजनकाटे आणि पेट्रोलपंप तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा आमच्या गावच्या फुकट साप्ताहिकात खाणावळींवर सदर लिहायला घेतलं. गरजच होती. कॅन्सस सिटीपासून पंचवीस मिनिटांवर राहणारी ही माणसं, ज्यांच्या आजोबांनी कत्तलखान्यांच्या सावलीत जन्म काढला, ती आता हॉटेलला गुण कशावर देतात माहीत आहे? पार्किंग मिळालं, पाच तारे. लसणाचा पाव फुकट दिला, पाच तारे. वाढणारी मुलगी गोड बोलली, पाच तारे. मांस कसं होतं, असं विचारलं तर म्हणतात, 'भरपूर होतं.' अशा गावात खरं बोलणारा एक तरी माणूस असावा, आणि तो मी आहे याची मला लाज वाटत नाही.

सुरुवात स्टेकपासून केली. हमरस्त्यावर, गादीच्या दुकानासमोर, छपरावर प्लास्टिकचा बैल उभा केलेलं एक हॉटेल आहे. तिथे मी आतून लालसर स्टेक मागवला, आला तो आरपार तपकिरी. परत पाठवला. दुसरा आला तो थंडगार. तोही परत. तिसऱ्या वेळी मी शर्टाच्या खिशातून माझा मांसाचा थर्मामीटर काढला आणि सगळ्यांच्या देखत खुपसला. (आर्डिथने तेवढ्यात पर्स तोंडासमोर धरली. ती त्या पर्समागे इतकी वर्षं बसत आली आहे की पर्सचं कातडं एका बाजूने गुळगुळीत झालं आहे.) मॅनेजर आला, थर्मामीटर पाहिला, हसला आणि आत गेला. मला वाटलं, आता आचारी येऊन दिलगिरी व्यक्त करणार. तर आले ते दहा-बारा वाढपी, टाळ्या वाजवत, वाढदिवसाचं गाणं म्हणत. माझ्या डोक्यावर कागदी टोपी चढवली, समोर मेणबत्ती खोचलेला केक ठेवला, आणि अख्ख्या हॉलने उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझा वाढदिवस फेब्रुवारीत असतो हे त्या गोंगाटात मी कोणाला सांगणार? थर्मामीटर तसाच स्टेकमध्ये उभा, आणि मी टोपी घालून बसलेला. केकला पाच गुण दिले, स्टेकला तीन, आणि छापलं तसंच.

तेव्हाच ठरवलं की यापुढे हॉटेलात जाऊन नाही, हॉटेलचं खाणं घरी आणून, बार्बेक्यू स्पर्धेच्या रीतीने तपासायचं. मी रीतसर शिकलेला पंच आहे; उजवा हात वर करून शपथ घेतली आहे, तिचं प्रमाणपत्र वॉशिंग मशीनच्या वर टांगलेलं आहे. गॅरेजमधून गाडी बाहेर काढली आणि लांब टेबल मांडलं. पंच सहा: मी, शेजारचा निवृत्त पोस्टमन वेंडेल, आणि आर्डिथच्या चर्चच्या गायनवृंदातली चार माणसं. आर्डिथने गावातल्या निरनिराळ्या बार्बेक्यूच्या दुकानांतून धुरावर शिजवलेल्या डुकराच्या बरगड्या, म्हणजे रिब्ज, आणायच्या, सगळ्या एकसारख्या पांढऱ्या डब्यांत सॅलडच्या पानांवर मांडायच्या आणि डब्यावर फक्त नंबर टाकायचा. कुठला नंबर कोणाचा, ती यादी बंद पाकिटात तिच्याजवळ. टेबलावर बोलायचं नाही, हुं करायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. दोन डब्यांच्या मध्ये कोरडं बिस्किट आणि पाणी. गुण नऊपैकी, आणि कागदावर सही झाली की तो कागद देवालाही बदलता येत नाही. गायनवृंदाला गप्प बसवणं किती अवघड असतं हे मी इथे लिहीत बसत नाही.

आता मुद्दा. रिब कशी असावी, हे तुला आपल्या बाबांनीच शिकवलं आहे. चावा घेतला की चाव्यापुरतंच मांस निघावं, दातांची कमान स्पष्ट उमटावी आणि बाकीचं हाडाला धरून राहावं. उचलताच सगळं मांस पानावर गळून पडलं तर ती जास्त शिजलेली रिब. बाहेरचं जग त्यालाच 'काय मऊ आहे' म्हणून डोक्यावर घेतं, पण शिकलेल्या पंचाला ते चालत नाही. सहा नंबरचा डबा उघडला. धूर उत्तम, हिकरीच्या लाकडाचा, रंग जुन्या खुर्चीच्या हातासारखा. मी रिब उचलली, तर हातात नुसतं हाडच आलं. चार गुण दिले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'दात नसलेल्यांसाठी उत्तम.' सही केली. मग आर्डिथने पाकीट फोडून नंबर वाचायला घेतले. पाचपर्यंत नीट वाचलं आणि थांबली. मी म्हटलं, वाच. तिने कागद माझ्यासमोर ठेवला. सहा नंबर म्हणजे कोरीनचं स्मोकहाऊस.

आपली कोरीन, ताई. दाताच्या दवाखान्यातली बसून करायची नोकरी सोडून, लाँड्री आणि केशकर्तनालयाच्या मधला गाळा घेऊन वर्षभर पहाटे चुली पेटवणारी माझी एकुलती एक मुलगी. तिचा डबा आर्डिथने मला न सांगता आणला होता, कारण लेकीला नऊ मिळणार याची तिला खात्री होती.

गॅरेजमध्ये आता सगळ्यांनाच कंठ फुटला. गायनवृंदाचं म्हणणं, सहा नंबर वगळून पाचच छापा, कोणाला कळतंय? आर्डिथ फक्त एवढंच म्हणाली, "हार्लन, तो कागद फाड."

मी म्हटलं, "सही झालीय."

"सही तुझीच आहे ना? मग हातही तुझेच आहेत."

मी नाही फाडला. परक्यांच्या पोरांना चार द्यायचे आणि आपल्या पोरीला वगळायचं, तर मग पाच तारे वाटणारं हे गाव आणि मी, यांत फरक काय? आर्डिथने मग डबे आवरले नाहीत, बिस्किटंसुद्धा तशीच टाकली, आणि घरात निघून गेली. गुरुवारी साप्ताहिकात छापून आलं, शेऱ्यासकट.

शुक्रवारी कोरीनचा फोन आला. रडेल असं वाटलं होतं. रडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी थंडपणे म्हणाली, "बाबा, सहा नंबर कुणाचा आहे हे छापायच्या आधी तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि रिब कशी असावी हे मला माहीत नाही, असं तुला वाटतं? मागच्या अंगणात धुरी द्यायच्या पिंपाशेजारी उभं करून तूच शिकवलंस ना मला?"

"मग तशी का करत नाहीस?"

"कारण माझ्याकडे पंच येत नाहीत, बाबा. माणसं येतात. म्हातारी माणसं येतात, दवाखान्यातून दात काढून येतात. त्यांना मऊ हवं असतं, मी मऊ करते. तू पंचांसाठी शिजवायला शिकवलंस. जेवायला आलेल्यांसाठी शिजवायला मी माझी मी शिकले."

यावर मला उत्तर सुचलं, पण तोवर फोन ठेवलेला होता. (उत्तर चांगलं होतं. आता आठवत नाही.)

आणि पुढे काय झालं ते ऐक. आठवड्याभरात तिने माझं वाक्य, माझ्या नावानिशी, मला न विचारता, हातभर अक्षरांत दुकानाबाहेर लावलं: 'हार्लन स्टकी म्हणतात: दात नसलेल्यांसाठी उत्तम! नऊपैकी चार!' मंगळवारी वृद्धाश्रमाची बस आली. पुढच्या मंगळवारी दोन आल्या. आता शनिवारी रांग लाँड्रीच्या पुढपर्यंत जाते, आणि लोक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, पोरीसाठी काय युक्ती केलीस! युक्ती? मी जन्मात युक्ती केलेली नाही. मी प्रामाणिकपणे पोरीचं नुकसान करायला निघालो होतो आणि गाव मला तेही करू देत नाही. बोर्ड काढ म्हणून सांगायला गेलो, तर कोरीन दारातच उभी राहिली आणि म्हणाली की बोर्ड बाहेर आहे, तो बाहेरूनच वाचायचा असतो. आत वेंडेल बसलेला दिसत होता. त्याने मला पाहून मेनूकार्ड तोंडासमोर धरलं.

तर सध्याची परिस्थिती ही अशी. आर्डिथ शनिवारी लेकीला हात द्यायला जाते आणि माझ्यासाठी डब्यातलं सूप काढून ठेवते. मी गाडी घेऊन निघतो, लाँड्रीसमोर पार्क करतो आणि काचा खाली करून बसतो. तिथे बसायला बंदी नाही. धूर कसा येतोय हे कळतं. गेल्या शनिवारी लाकूड जरा ओलं होतं. ताई, तिची फार आठवण येते, हे मी तुला सोडून कोणाला लिहिणार नाही. पण कागदावर सही झाली होती, आणि ती मी आजही बदलणार नाही. हवं तर मला हट्टी म्हण, गाढव म्हण, लहानपणी म्हणायचीस ते सगळं म्हण. गुण चारच.

खुब्याला जप, थोरल्यांना नमस्कार, शेंडेफळांना आशीर्वाद, आणि कळावे तर सर्वांना कळावे.

तुझा भाऊ,
हार्लन

ता. क. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कोरीनच्या दुकानाला वर्ष होतंय. सगळ्या घराला बोलावणं आहे, तुलाही असेल. मला नाही. तू ओमाहाहून निघशील तेव्हा सरळ दुकानावर न जाता आधी आमच्याकडे ये. पुढे गाडी मी चालवीन. खुब्यामुळे तुला कोणाचा तरी हात धरल्याशिवाय उतरता येत नाही, असं तिथे सांग. आत्याला हात देणाऱ्या माणसाला कोरीन दारात अडवणार नाही. मी काही बोलणार नाही, थर्मामीटर घरी ठेवीन, कोपऱ्यात बसेन. एवढं कर.

आणखी एक ता. क. हे आर्डिथला अजून माहीत नाही. रीतीप्रमाणे डब्यात रिब्ज सहा, पंच सहा, प्रत्येकाने एकच उचलायची. सहा नंबरचा डबा सगळीकडून फिरून माझ्यापाशी आला तेव्हा त्यात दोन उरल्या होत्या, एक माझी आणि एक वेंडेलची. वेंडेल तेव्हा चष्मा पुसत होता. ताई, मी दोन्ही खाल्ल्या. कोणाचा डबा आहे हे ठाऊक नव्हतं. थांबताच आलं नाही, एवढंच. वेंडेलने चष्मा लावला, रिकाम्या डब्यात पाहिलं, बोलायची बंदी म्हणून बोलला नाही, माझ्या कागदात डोकावला आणि चार लिहून मोकळा झाला. हे कोरीनला सांग.