रेघेच्या उजवीकडे

४ फेब्रुवारी, बुधवार

जगात अन्याय पुष्कळ आहेत. पण आमचा फ्रिज माझ्या मायक्रोफोनमध्ये गातो, याची दाद कुणाकडे मागायची? चौदा वर्षं हा गृहस्थ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुपचूप उभा आहे, असं मी समजत होते. आज पहिल्यांदा हेडफोन लावले — तर हा एकच सूर धरून बसलेला! दोन भिंतींपलीकडून! नवऱ्याला म्हटलं, बंद करू या का. "कर की. दूध नासलं तर चहाऐवजी गाणं घेऊ."

तर, कपड्यांच्या खोलीचा स्टुडिओ झाला. इस्त्रीच्या टेबलावर कॉम्प्युटर, दोन स्पीकर, आवाज आत घेणारी लाल पेटी, खिडकीला रजया. वीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टिंगल लिहून केली. आता गाऊन करणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

कपाटाची दारं उघडून नवऱ्याच्या कोटांसमोर गायले. कपडे असले की खोली घुमत नाही म्हणे. कोट फार शांतपणे ऐकतात. नवऱ्याने शिकण्यासारखं आहे.

नंतर ऐकलं. ताल धरायला मशीन टिकटिक करतं, त्याच्या किंचित मागून माझा आवाज येतो. काय ठेहराव! पन्नाशीशिवाय येत नाही हो हा.

८ फेब्रुवारी, रविवार

दादा बोंगो घेऊन आला. चाळीस वर्षं दिवसा कारखान्यात लेथ, संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बोंगो. गेल्या वर्षी शिडीवरून पडला, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघून पाच महिने झाले तरी वाजवायला बसला नव्हता. मीच मागे लागले होते.

बसला, मनगटाचा पट्टा सोडला, बोटं दोनदा उघडमीट केली. "मिरचे, नाही जमलं तर हसायचं नाही हं."

तीनदा वाजवलं. तीनदा उशिरा! स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं — टिकटिकीची उभी रेघ आणि दादाची थाप तिच्या उजवीकडे. दर वेळी.

"टिकटिक बंद करून गाण्याबरोबर ऐक ना एकदा. कानाला तर बरोबर वाटतंय गं."

"कानाचं सोड, रेघ बघ. तुझी थाप मागच्या स्टॉपवर उतरून चालत येतेय."

तो हसला. मीही हसले. चौथ्यांदा वाजवायला बसला नाही. जाताना बोंगो उचलेना. "राहू दे तुझ्याकडे. फुलदाणी ठेवायला होईल."

९ फेब्रुवारी, सोमवार

उद्या सदर द्यायचंय. विषय नाही.

रात्री — सापडला.

१५ फेब्रुवारी, रविवार

सदर छापून आलं. 'आमच्या ओळखीचे एक वादक आहेत. गाणं संपून श्रोते घरी पोचले की यांची थाप निघते.' सकाळपासून फोन. संपादक म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी असं हसलो." नवरा मात्र वाचून पेपरची घडी घालत राहिला. घडीवर घडी. मग म्हणाला, "त्याला विचारलं होतंस?"

नाव कुठे लिहिलंय मी!

दर रविवारी सदर वाचून दादाचा फोन येतो. आज नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वहिनीचा फोन. इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच — "वन्सं, यांनी चेंडू दाबायचा व्यायाम सोडलाय. म्हणतात, आता कशासाठी. जेवताना टेबलावर बोटं वाजवायचे, मी ओरडायचे. आता नाही वाजवत. घर कसं... ओरडायला काहीच नाही."

"आणि सदर वाचलं का त्याने?"

"वाचलं. कापून वहीत चिकटवलं. नेहमीसारखं."

नेहमीसारखं! फाडून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

टिकटिक लावून नुसत्या टाळ्या वाजवल्या. का, कोण जाणे. ऐकल्या — माझ्याही उशिरा! सगळ्या. अगदी सारख्या अंतराने.

लाल पेटी विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. पोरगेला आवाज, घाई. "मॅडम, ते मशीनचंच असतं. आवाज आत जाऊन लिहिला जाईपर्यंत वेळ जातो. सेटिंगमध्ये आकडा टाकावा लागतो. पहिल्याच दिवशी सांगितलेलं की." मग सहज म्हणाला, "माणूस चुकला तर कमी-जास्त चुकतो. एवढं मापून फक्त मशीनच चुकतं."

आकडा टाकला. दादाचं वाजवणं तेवढंच डावीकडे सरकवलं. डब्यावर झाकण बसावं तसं बसलं. तिन्ही वेळचं. एक थाप इकडची तिकडे नाही. पाच महिने न वाजवलेल्या, मोडून जोडलेल्या हाताची!

माझं गाणंही तेवढंच उशिरा होतं. त्याच मापाने. माझा उशीर तो ठेहराव, आणि त्याचा उशीर ते वय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फोन केला नाही. सकाळी तो फिरायला जातो. दुपारी झोपतो. संध्याकाळी मला काम होतं — कपाटाच्या दारांना तेल घातलं. ती करकरत नव्हती.

२२ फेब्रुवारी, रविवार

लॅपटॉप घेऊन गेले. वहिनीने दार उघडलं आणि आत निघून गेली. दादाला हेडफोन घातले. वाजून संपलं तरी त्याने काढले नाहीत.

"मशीन चुकत होतं, दादा. तू नाही."

"हं."

"पुढच्या रविवारी सदरात तसं छापते."

"कशाला? मजेदार होतं ते. लोक हसले असतील." मनगट चोळत बसला. मग अगदी साधेपणाने, जेवलीस का विचारावं तसं — "एक सांग मिरचे. मशीन चार दिवसांचं. मी साठ वर्षांचा. तुला आधी माझाच संशय का आला?"

मी लॅपटॉपची वायर गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

१ मार्च, रविवार

सदराच्या जागी सहा ओळी. वादक बरोबर होते, चूक लिहिणारीची, क्षमा. संपादक कुरकुरले — "यात विनोद कुठाय?" म्हटलं, नाहीये.

अकराला फोन वाजला. दादा. "वाचलं. बोंगोवर फुलदाणी ठेवली असशील तर उचल. येतोय."

१ मार्च, संध्याकाळ

आला. वाजवलं. मशीन आता बरोबर आहे. दादा नाही. एक थाप रेघेच्या आधी, दोन नंतर, एक चुकलीच. वाजवताना बोटांकडे बघत होता. पूर्वी कधी बघायचा नाही.

"कशी आहे?" म्हणाला. "रेघ काय म्हणते?"

टिकटिक बंद केली. स्क्रीनवर नवऱ्याचा कोट टाकला.

"तू वाजव," म्हटलं. "मी येते तुझ्यामागून."