दारावरची पानं

१९ जाने.
आज वाडीवर दारोदार कागदी पानं चिकटवली. सिद्धगडाच्या पायथ्याची वाडी, चुली सगळ्या सरपणावर. महिनाभर दारोदार मोळ्यांचं वजन केलं होतं. शेजाऱ्यांपेक्षा कमी जाळणाऱ्याच्या दारावर हिरवं पान, जास्त जाळणाऱ्याच्या दारावर लाल. दंड नाही, बक्षीस नाही. नुसतं पान. कल्पना आमच्या संस्थेच्या सरांची, रंग मी निवडले.

लाल बहुतेक चांगुणामावशीच्या अख्ख्या आळीत जाईल वाटलं होतं. गेलं फक्त तिच्याच दारावर.
"ह्ये लाल कशाला गो बाई?"
"तुमचं लाकूड जास्त जळतं, मावशी."
"जळनारच. जनी आलीय ना बालंतपनाला."
लेक आलीय, मला माहीत होतं. नियम सगळ्यांना सारखा, असं काहीतरी मी म्हणाले. हसलेही असेन.

२ फेब्रु.
मोळ्या लहान झाल्यात! काट्यावर स्पष्ट दिसतंय. सरांना फोन केला. खूश. म्हणाले, "बघ, माणसाला पैशापेक्षा शेजारी काय म्हणेल ते जास्त टोचतं. रान वाचवायला तेवढं पुरतं."

किन्हवलीला घरी आल्यावर आईला सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. ती परसात आंघोळीचं पाणी तापवत होती, लाकडावरच. "आपल्या दारावर कुठलं लावशील?" मी विषय बदलला.

९ फेब्रु.
जनीला मुलगी झाली. बाळ छान आहे.

बायका रानात निघाल्या. एकमेकींना हाका मारत जातात नेहमी. मावशीच्या दारावरून गेल्या, हाक नाही. सोमी, तिची शेजारीण, पोरवयापासूनची जोडी दोघींची. तिला विचारलं तर पदर सारखा करत म्हणाली, "ती संगती असली का आमची मोळी पन मोठी दिसते."
हे लिहून घ्यायला हवं होतं. रकाना नव्हता. (रकाना नव्हता! काय पण कारण.)

१६ फेब्रु.
मावशीचं वजन एकदम खाली. लालवर हिरवं पान चिकटवलं. ती उंबऱ्यात उभी राहून बघत होती. केवढी हसली. पहिल्यांदाच पाहिलं तिला असं हसताना.
"कसं जमवलंत?"
"कमी जाळते."
आत चूल धडधडत होती. बाळंतिणीचं पाणी उकळत होतं, शेकाला निखारे काढलेले. दिसलं मला. सगळं दिसलं.
फोटो काढला, सरांना पाठवला. त्यांनी सादरीकरणात सगळ्यात वर टाकला.

२१ फेब्रु.
चांगुणामावशी पडली. कड्याच्या अंगाला, जिकडे कुणी लाकडाला जात नाही. पहाटे एकटीच जायची म्हणे, मोळी मागच्या गवताच्या गंजीत लपवायची. आम्ही फक्त दारातलं मोजतो ना.
मांडीचं हाड. झोळीतून रस्त्यापर्यंत आणली, जीपने मुरबाड, तिथून पुढे कल्याणला पाठवलं. मी जीपमध्ये बसले नाही. जागा नव्हती असं नाही.
सोमी रडत होती. "कदी एकली जात नवती ती. कदीच नाय."
कुणी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

२२ फेब्रु.
सर : "वाईट झालं. पण त्याचा पानांशी संबंध लावू नकोस. वाडीचं एकूण लाकूड कमी झालंय, हे खरं आहे ना?"
खरं आहे, मी म्हणाले. चुलीचं बोलले नाही. गंजीचंही नाही. आणखी कितीजणींच्या घरामागे गंज्या आहेत, ते मी बघायलाच गेलेले नाही.

२४ फेब्रु.
पानं काढून टाकायचीच असं ठरवून गेले. सरांना न विचारता. आधी मावशीचं दार. पाणी लावून नखांनी खरवडलं, हिरवं, खालचं लाल, दोन्ही. जनी बाळाला घेऊन बघत बसली.
मग सोमीचं दार. तिनं पानावर हात आडवा धरला. "माजं नको काडू. मी कमीच जाळते."
पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी दारच लावून घेतलं.
परत आले.

१७ मार्च
मावशी घरी आलीय. ओट्यावर बाजेवर पडून, पाय प्लास्टरमध्ये. येताना जीपमध्ये वाटभर माफीचे शब्द जुळवत होते.
"मावशी, माझं चुकलं..."
तिचं लक्षच नव्हतं. मान वळवून दाराकडे बघत होती.
"माजं हिरवं कुटं गेलं?"
"काढलं मी."
"का गो? माजं आलं होतं ना हिरवं?"
काय सांगू? खोटं होतं म्हणून? त्याच्यापायी पाय मोडला म्हणून?
"परवा बारसं हाय. माज्या पायामुलं राह्यलं होतं. जनीची सासू येनार. समद्यांच्या दाराव हाय, माज्याच नाय. ती काय म्हनंल?"
पिशवीत पानं होती. हात आत गेला, तिथेच राहिला. लावलं तर पुन्हा तेच. नाही लावलं तर...
जनी बाळाला घेऊन आत निघून गेली.
मावशीनं हात पुढे केला. "दे इकडं. मीच लावते."
तिला अजून उभं राहता येत नाही.