खेचराने लाथ मारली

१२ जानेवारी २००८, शनिवार

नकुलचा ओठ फाटला. डिशवॉशर अर्धाच भरून लावला म्हणून. बाबांनी आधी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढतात तेव्हा आई गॅस बंद करते. मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले.

नंतर बर्फ लावताना आई त्याला म्हणाली, कार्ड येईपर्यंत कळ काढ रे बाळा.

ग्रीन कार्ड. आमच्या घरातलं सगळं तिथे येऊन थांबतं. त्याचा अर्ज बाबांच्या कंपनीने भरलाय. बाबांना पोलिसांनी नेलं तर नोकरी जाणार, व्हिसा जाणार, चौघं नागपूरला परत. आईने हे इतक्या वेळा सांगितलंय की मला पाढ्यासारखं पाठ झालंय.

१३ जानेवारी

ओठ सुजलाय. शाळेत विचारलं तर बेसबॉल लागला म्हणून सांगायचं ठरलं. नकुल म्हणाला, "आय डोन्ट इव्हन प्ले बेसबॉल." आई म्हणाली, मग आजपासून खेळतोस.

९ फेब्रुवारी

शिवांगीचा फोन आला होता. शाळेतली माझी एकच मैत्रीण. शाळा का सोडलीस, परत तेच. मी म्हटलं होमस्कूलिंग चाललंय. घरी कसली शाळा! भांडी, लाँड्री आणि टीव्ही.

ऑक्टोबरमध्ये काउन्सेलरने माझ्या मनगटावरचा वळ बघितला आणि दार लावून घेऊन प्रश्न विचारले. मी गप्प. आईला कळलं आणि पुढच्या आठवड्यात तिने शाळेतून माझं नाव काढलं. इथे सोळापर्यंत शाळा सक्तीची, म्हणून नकुलचं काढता येत नाही, तो चौदाचा आहे. मी सतराची. तशीही मी वर्गात बोलायचे नाही. सगळे वळून बघायला लागले की माझे कान तापतात आणि शब्द येतच नाही. मला कोणी मिस केलं नसणार.

८ मार्च

आज पहिला दिवस! व्हिटलॉक हाऊस. आमच्या चँडलर गावाच्या बाहेर, कालव्याच्या कडेला जुनं घर आणि पुढे दुकान, आता म्युझियम केलंय. आमच्या व्हिसावर पगार घेता येत नाही, फुकट काम चालतं. मला बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची जुनी टोपी, आणि घोळदार झगा दिला. पडवीत बसून लोणी काढायचं. उंच लाकडी भांडं, दांडा वर-खाली करायचा, बस. आई म्हणाली, अमेरिकेत येऊन ताक घुसळतेस होय! आणि हसली. किती दिवसांनी.

एझ्रा व्हिटलॉक १८७१ मध्ये इथे आला. तेव्हा नुसतं वाळवंट. त्याने कालवा खणून घेतला, दुकान टाकलं. पीठ, दारू, बंदुका, सगळं त्याच्याकडेच. बायको मार्था, दोन मुली आणि एसा नावाचा मुलगा. रस्त्याला त्याचं नाव आहे, बँकेत त्याचा फोटो.

लोक आले की एसाच्या फोटोजवळ मला एकच वाक्य बोलायचंय – चौदाव्या वर्षी त्याला खेचराने लाथ मारली आणि तो गेला. इंग्लिशमध्ये. आरशासमोर पाठ केलं. अनोळखी माणसापुढे न अडखळता येणारं माझं हे पहिलंच वाक्य.

१९ एप्रिल

बाबांच्या कंपनीत ले-ऑफची बोलणी चालू आहेत. जेवताना नकुलने खुर्ची ओढली, आवाज झाला. त्याचं डोकं भिंतीवर. भिंतीला खळगा पडलाय. आईने तिथे कॅलेंडर लावलं.

१७ मे

एकशे आठ डिग्री. म्युझियमला कुत्रं फिरकलं नाही. तिकिटाच्या टेबलावर मिसेस डेल होत्या. त्या एझ्राच्या पणती. खुब्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून दिवसभर बसून लेमोनेड पितात. मी रिकाम्या खोलीत माझं वाक्य म्हणत होते, सवयीने. त्या म्हणाल्या, "खेचर नव्हतंच, हनी."

मग त्यांनी सांगितलं. एसाने रात्रपाळीला कालव्याचं दार उघडं ठेवलं, पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं. एझ्राने त्याला दुकानामागे नेलं आणि गाडीच्या चाकाचा आरा घेऊन मारलं. थांबलाच नाही. त्याच्या आधी पाण्यावरूनच एका मजुराला त्याने भर रस्त्यात गोळी घातली होती, तेव्हाही कोणी काही विचारलं नाही. आजूबाजूला पीठ त्याच्याकडेच मिळायचं ना! आणि मार्थाने डॉक्टरला स्वतः सांगितलं – खेचर.

का, मी विचारलं. मी विचारलं!

जमीन नावावर झाली नव्हती म्हणून. सरकारचा नियम होता, पाच वर्षं जमिनीवर राहून दाखवायचं, मग कागद. मधेच एझ्राला फाशी झाली असती तर आपल्या हातात काहीच राहणार नाही असं तिला वाटलं. कागद आला. मार्था पुढे वीस वर्षं जगली, एसाचं नाव कधी घेतलं नाही म्हणे.

मग फोटोखालच्या बोर्डावर खेचर का? मिसेस डेल म्हणाल्या, बोर्ड आमच्या घरच्यांनीच लावलाय.

घरी येऊन आईला सांगितलं. मी एवढं कधी बोलत नाही. आई कणीक मळत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मग मुलींचं काय झालं?" मला माहीत नव्हतं. "असं अर्धवट ऐकून येतेस," म्हणाली आणि परात सरकवली.

२१ जून

आज आईला. बेल्ट.

२२ जून

आईने पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातलाय. बाहेर एकशे बारा.

६ सप्टेंबर

सगळं लिहून ठेवते.

दुपारी मंडळाचा गणपती होता. बाबांचा तबला. रेशमी कुर्ता, अत्तर, सगळ्या काकूंशी गोड गोड. वाजवतात मात्र सुंदर, खोटं कशाला बोलू. आरतीनंतर शुभाकाकू म्हणाल्या, "काय हात आहे हो शैलेंद्र तुमचा!"

नकुल प्रसादाचे द्रोण वाटत होता. म्हणाला, "यू शुड सी इट ॲट होम, काकू."

सगळे हसले. बाबाही हसले. आईने माझा हात धरला.

घरी आल्यावर बाबांनी बूट जागेवर ठेवले, कुर्ता हँगरला लावला, चष्मा काढला. तबल्याच्या पिशवीतली हातोडी काढली – तबला सुरात लावायची, पितळेची. नकुल म्हणाला, "सॉरी बाबा." मराठीत. तो मराठीत बोलतच नाही.

पहिला फटका खांद्यावर. दुसरा कानावर. आवाज ओल्या लाकडासारखा. नकुल पडला आणि कानातून रक्त आलं, आधी थोडं, मग फरशीवर उशीएवढं. आई मधे गेली तर तिला ढकललं, ती ओट्यावर आपटली. मी बाथरूममध्ये गेले नाही. उभी राहिले. बाबा हातोडीकडे बघत होते, जशी काही दुसऱ्याच कोणाची.

मग म्हणाले, शोभना, गाडी काढ. बेसबॉल.

७ सप्टेंबर

हॉस्पिटल. कवटीला तडा. डावा कान गेला. बाबा कॉरिडॉरमध्ये डॉक्टरशी बोलत होते, छान इंग्लिश, डोळ्यांत पाणी. आईने नर्सला बेसबॉल सांगितलं. नर्सने ऐकून घेतलं, मग मला एकटीला मशीनमधलं ज्यूस द्यायला नेलं. विचारलं, काय झालं?

मी जाताना आईने माझ्याकडे बघितलं होतं. नुसतं बघितलं.

कान तापले. तोंडात तेच वाक्य आलं, खेचराचं, तोंडपाठ. ते मी गिळलं. मग दोनच शब्द निघाले. "माय फादर."

नर्सने ज्यूसचं स्ट्रॉ काढून माझ्या हातात दिलं आणि फोन उचलला.

१० सप्टेंबर

बाबा जेलमध्ये. कंपनीने काढलं.

आई बोलत नाही माझ्याशी. ताट वाढते आणि जाते. आज एकदाच बोलली – "झालं समाधान? आता नकुलला घेऊन नागपूरला जाऊ. कानाचं ऑपरेशन करायला कोण पैसे देतंय ते बघू. अजून थोडीच कळ काढायची होती ग."

२० सप्टेंबर

शुभाकाकूंचा फोन. इतका हौशी माणूस, एखाद्या वेळी हात उठतो, पोरीने घर मोडलं, म्हणाल्या. आईने स्पीकरवर ठेवला होता. मुद्दाम.

म्युझियमला गेले नाही. ते वाक्य आता येणार नाही मला.

१४ ऑक्टोबर

शरयूमावशी आल्या होत्या. वकील आहेत, नर्सने नंबर दिला होता. त्यांनी सांगितलं, ज्यांनी मार खाल्लाय आणि पोलिसांना खरं सांगितलंय त्यांच्यासाठी वेगळा व्हिसा असतो, तुम्हा तिघांचा अर्ज करू.

आईने विचारलं, "मी आधीच पोलिसांना फोन केला असता तरी मिळाला असता?"

"तरी, ताई. केव्हाही."

आई उठली. मग नकुलच्या खोलीत गेली. तो पाठ करून झोपला होता. ती त्याला हाका मारत राहिली, डाव्या बाजूने.