दुर्गेशचा मेलबॉक्स

सोमवार, ६ जानेवारी
पुणं सुटलं, नवी नोकरी सुरू! कळमन्याजवळ मिरचीपुडीचा कारखाना आणि त्याच्या माडीवर आमचं ऑफिस. तिखटाचा असा खकाणा की दिवसभर शिंका थांबेनात. पण माणसं मोकळी आहेत. मालक मनोहररावांनी चहा पाजत काम सांगितलं. सगळ्यांची ईमेल क्लाउडवर गेली आहे, आता जिन्याखालच्या खोलीतला जुना मेल सर्व्हर तपासून बंद करायचा. तिथे पॅकिंगचं मशीन बसवायचंय. आठवडाभराचं काम. राहायला कुसुमताईंची गच्चीवरची खोली मिळाली, भरपूर उजेडाची.

बुधवार, ८ जानेवारी
वैताग. स्कॅनर अजून जुन्या सर्व्हरमधूनच मेल पाठवतो, वजनकाट्याचा संगणकही तसाच. सगळ्यांना सांगितलं, सगळे हो म्हणाले, केलं कोणीच नाही. शेवटी मीच बसून बदललं. आता एकच मेल उरली आहे. रोज ऑफिस सुटताना दुर्गेश नावाच्या खात्यातून सत्यवतीला जाते: "निघालो, पोचतोच." अकाउंट्समधली काजल म्हणाली, दुर्गेश माझ्याआधी याच जागेवर होता, पावसाळ्यात कुहीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. सत्यवती त्याची बायको. त्यानेच आपोआप जाणारी मेल लावून ठेवली असणार.

शुक्रवार, १० जानेवारी
सर्व्हरवर तसं काहीच लावलेलं नाही. पासवर्ड बदलला, खातं गोठवलं, तरी मेल गेलीच. त्यात मनोहरराव दारात येऊन म्हणाले, "काहून इतला उशीर करून राहिल्या मॅडम? एक डब्बा बंद होत नाही तुमच्यानं?" इतका संताप आला!
बिचारी बाई रोज ती मेल वाचून रडत असेल, म्हणून सत्यवतीला फोन करून माफी मागितली, सर्व्हर बंदच करतेय म्हटलं. ती घाबरली. "नका करू ताई. थे रोज निघतेत, पन पोचत नाहीत. तसंच राहू द्या." मग हळूच म्हणाली, "आमी जाळून आलो त्यायले. आता आले तं कसे येतीन?"
दुःखाने भ्रमिष्ट झाली आहे बिचारी.

सोमवार, १३ जानेवारी
बंद केला! कुणाचं काही हरवू नये म्हणून दुर्गेशचा मेलबॉक्सही क्लाउडवर नेला, मग वायर काढली. संध्याकाळी मेल गेली नाही. सुटले एकदाची.

बुधवार, १५ जानेवारी
मेल गेली. क्लाउडवरून. "नाका ओलांडला."
क्लाउडवाल्यांना तासभर फोन. त्यांचं एकच, असं खातं आमच्याकडे नाहीच. समोर दिसतंय मला! डोकं फुटायची वेळ आली.

गुरुवार, १६ जानेवारी
"गावात आलो."
सत्यवतीला फोन लावला. घराला कुलूप लावून, लेकीला घेऊन ती भिवापूरला माहेरी चालली आहे. म्हणाली, "सांगतलं होतं ना तुमाले? काहून केलं वं?" आणि फोन बंद.

शुक्रवार, १७ जानेवारी
आजची मेल मला आली. "घराला कुलूप आहे. ती कुठे गेली?"
मनोहररावांना दाखवली. हसले, म्हणाले कोणी मजाक करून राहिलं. जुना सर्व्हर परत जोडते म्हटलं, तर त्यांनी सकाळीच भंगारात दिलेला. मला न विचारता! भांडले. रडले.

शनिवार, १८ जानेवारी
"तुम्हाला माहीत आहे." दिवसभर तेच. फोन बंद केला तरी पडद्यावर—

रविवार, १९ जानेवारी
बाहेर अजून ऊन आहे. खालून कुसुमताईंनी हाक मारली, "अश्लेषा, ऑफिसातून कोनी आलं वं, वर पाठवून राहिली मी!" नको म्हणून ओरडले, धावत जाऊन कडी लावली—
जिन्यावर पावलं. जळाल्याचा वास.
दाराबाहेर थांबलाय. अगदी नम्रपणे विचारतोय, ती कुठे आहे, मुलगी कुठे आहे. पुन्हा. पुन्हा तेच. नाही सांगणार. काही झालं तरी त्या लेकराचं— नाही—
कडी मी घट्ट लावली होती. ती आता आपोआप खाली