मिनिटाला पन्नास ठोके

चाचा, या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं ऐकायला तुम्ही नीट बसाल. इथे ओमानात, बरक्यातल्या तेवीस शेतांचे पंप उघडून पुन्हा बांधले. पितळेचे बुश किती कातले त्याची मोजदाद सोडून दिली, पण शिकायचे दिवस सोडले तर सैल म्हणून परत एकही आला नाही. मच्छीबाजारातल्या बर्फ फोडायच्या मशीनचा गिअर केला, एकेक दात कानशीने, कारण कटर मिळत नव्हता. अल हैलच्या माझ्या घरी जेवायचं टेबल केलं, त्याचे चारही पाय जमिनीला टेकतात; फरशी वाकडी आहे हे धरून टेकतात. आणि एक पंप केला, ज्याला डिझेल लागत नाही की वीज. हे वाचून तुम्ही हसाल. हसा, त्या दिवशी आम्ही हसलो होतो.

तो दिवस मला तपशिलासकट आठवतो. वर्कशॉपच्या मागे, जिथे आपला चहाचा स्टोव्ह असायचा, तिथे तुम्ही पालथ्या डब्यावर बसलाय. मी तेव्हा बावीस वर्षांचा, दहावी नापास, लेथला हात लावायची परवानगी मिळून दोनच महिने झालेले. तुम्ही रायगडातल्या तुमच्या गावचं सांगताय. "आमच्या पऱ्यावर एक पंप होता. इंजान नाय, काय नाय. पाणीच पाण्याला वर ढकलायचा. टक, टक, टक. मिनटाला पन्नास." मी विचारतो, "आणि पगार कोण घ्यायचं चाचा, पाणी?" सगळे हसतात. तुम्ही न रागावता पुढे सांगता, "पंपाला हवेचा डबा होता, त्याच्या खाली एक बारीक भोक होता. ठोक्यागणिक फुर्र करून पाणी उडायचा. आमी पोरं त्याच्याखाली तोंड धरायचो." मी म्हणतो, "म्हणजे गळका होता." यावर सगळ्यात मोठ्याने मीच हसतो. तुम्ही कप विसळलात आणि कामाला लागलात. तो पंप पुन्हा तुमच्या तोंडी कधी आला नाही.

त्याच आठवड्यात माझा एक बुश अर्धा सूत चुकला आणि मी म्हणालो, शेतवाल्याने माप चुकीचं दिलं. तुम्ही तो बुश माझ्या तळहातावर ठेवलात आणि एवढंच म्हणालात, "आदी तुजा बग, मग दुसऱ्याचा." पुढे तुम्ही गावी गेलात आणि तिथेच वारलात. ती बातमी इथे आली तेव्हा मी लेथवर होतो. हातातलं काम पुरं केलं, मग मशीन बंद केलं.

आता घरोघरी इंटरनेट आलंय. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, सहज म्हणून, मी त्यात पाण्याने चालणारा पंप शोधला. तुमचा पंप खरा निघाला, चाचा. त्याला नाव आहे, त्याची गणितं आहेत, आणि दोनशे वर्षांहून जुना आहे. उतारावरून धावत आलेलं पाणी झडप आपटून बंद करतं, अडतं, आणि त्या धक्क्याने त्यातलं थोडं वर चढतं. पंधरा बादल्या वाहून जातात तेव्हा एक चढते, पण ती फुकट चढते, दिवसरात्र. मग आपल्या मालकाच्या, अर्बाबच्या, डोंगरातल्या खजुराच्या बागेत, तिथल्या पाटाच्या पाण्यावर, मी एक बांधला. चार वेळा मोडला, पाचव्यांदा चालला. अर्बाब तोच, तुमच्या वेळचा, आता साठीला आलाय. पंपापुढे उकिडवा बसून तो म्हणाला, "इसका इंजन किधर छुपाया?"

इंटरनेटवर एक ग्रुप आहे. आफ्रिकेतल्या गावांतली माणसं तिथे आपल्या अडचणी मांडतात, आणि कुठकुठल्या देशांतली माणसं घरी बसून त्यांना मदत करतात. बहुतेक इंजिनियर, मोठमोठ्या डिग्र्यांचे. मी माझ्या पंपाचा व्हिडिओ तिथे टाकला आणि टांझानियातल्या एका डोंगरी गावाने विचारलं, आम्हाला शिकवाल का? त्यांचा ओढा खाली, गाव बावीस मीटर वर, आणि बायका हंडे घेऊन तो चढ दिवसातून चार वेळा चढतात. मी ड्रॉइंग काढलं. मिलिमीटरमध्ये, प्रत्येक आट्यासकट. चार इंजिनियरांनी ते तपासलं आणि एकानेही काही सुधारलं नाही. हे मी घरी जेवताना दोनदा सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, यू टोल्ड अस ऑलरेडी."

त्या गावचं काम एका बाईच्या हाती होतं. वय पन्नाशीचं, धंदा सायकली दुरुस्त करायचा, आणि पाण्याच्या कमिटीची मुख्य तीच. तिला इंग्रजी येत नाही, मला स्वाहिली येत नाही. पण आपला अर्बाब जन्मला झांजिबारला, आईच्या मांडीवर स्वाहिलीच शिकला, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे इंटरनेटवरून फोन लावायला बंदी आहे, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. तिकडे नेटवर्क फक्त टेकडीवर. त्यामुळे तिचे निरोप आठवड्याला एकदम येत, आणि शुक्रवारी अर्बाबच्या मजलिसमध्ये, त्या गाद्यांच्या बैठकीत, आम्ही दोघं काहवा घेत ते ऐकत बसायचो. ती बोलायची, अर्बाब हिंदी करायचा, मी उत्तर द्यायचो, तो स्वाहिली करायचा. मध्ये तोडून बोलायची कुणालाच सोय नव्हती. मी आयुष्यात कुणाचं इतकं नीट ऐकलं नव्हतं, चाचा. तुमचंही नाही.

पंप चालू झाला. अकराव्या दिवशी आवाज आला तो वेगळाच. आधी मऊ टक टक होती, आता लोखंडावर घण पडावा तशी. पाणी निम्म्यावर आलेलं. गावातले काही पुरुष म्हणू लागले, हंडे विकले नाहीत हे बरं झालं. बाईने पंपाच्या पाइपांसाठी घरोघरी फिरून वर्गणी काढली होती. पंप बंद पडला असता तर तिला गावात तोंड दाखवणं कठीण होतं. हे सगळं तिने सांगितलं, आणि मी काय केलं? अर्बाबला म्हणालो, "बोलो, ड्रॉइंग में एक मिलिमीटर का फरक नहीं है. उन्होंने वॉल्व्ह टेढ़ा बिठाया होगा."

अर्बाबने फोन गादीवर पालथा ठेवला. म्हणाला, "ये मैं नहीं बोलेगा."

"क्यों?"

"ये मेरी माँ का ज़बान है. उसने इसमें झगड़ा नहीं सिखाया. तुमको गुस्सा करना है, मराठी में भेजो."

मग तो स्वतःच बरंच काही बोलला, माझ्या वाक्याच्या चौपट. काय सांगितलं विचारलं तर म्हणे, "बोला, आदमी अच्छा है, थोड़ा गरम है, तुम फिर से देखो."

तिने पाहिलं. तिने पंप नाही, माझा व्हिडिओ पाहिला. पुढच्या शुक्रवारी अर्बाब तिचा निरोप ऐकतो, थांबतो, पुन्हा ऐकतो. "बोलती है, तुम्हारा वीडियो चालीस बार देखा. तुम्हारे डब्बे के नीचे हर ठोके पे पानी छींकता है. हमारा नहीं छींकता. क्यों?"

मी व्हिडिओ लावला, मध्येच थांबवला. केसाएवढी बारीक धार, क्षणभर. मीच पाडलेलं भोक, चाचा, दीड मिलिमीटरचं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून पाडलं, का ते विचारलंही नाही, आणि कागदावर काढायचं सुचलंच नाही. त्या भोकातून ठोक्यागणिक पाणी उडतं आणि मागोमाग चिमूटभर हवा आत जाते. डब्यातल्या हवेवरच पंप मऊ चालतो. ती संपली की घण. चार इंजिनियरांना दिसलं नाही, मला दिसलं नाही, आणि पावणेचार हजार किलोमीटरवर एका सायकलवालीला हाताएवढ्या पडद्यावर दिसलं. मी रेकॉर्ड केलं, चूक माझी आहे. हे मात्र अर्बाबने लगेच, आवाज चढवून सांगितलं.

तिच्याकडे इतकं बारीक ड्रिल नव्हतं. तिने तीन मिलिमीटरचं भोक पाडलं आणि त्यात सायकलची एक तार वाकवून अडकवली. भोक हवं तेवढं लहान झालं, आणि तार ठोक्यागणिक हलते म्हणून त्यात कचरा बसत नाही. माझं भोक दर महिन्याला तुंबायचं. आता माझ्या पंपातही तार आहे. काही आठवड्यांनी व्हिडिओ आला. वर गावात टाकी भरून वाहतेय, बायका नुसत्या उभ्या राहून बघताहेत. मग खाली पंप दिसतो, आणि ती बाई, पन्नाशीची, गुडघे टेकून त्या फवाऱ्याखाली तोंड धरते आणि हसते. ते तिला आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. मी फोन कानाला लावला आणि घड्याळावर ठोके मोजले. अठ्ठेचाळीस. पन्नास करायला मी सांगितलं नाही.

ड्रॉइंग नवीन काढलं. भोकापाशी तारेच्या आकृतीखाली तिचं गाव लिहिलं, आणि भोकावर इंग्रजीत 'चाचा होल'. ग्रुपमधले इंजिनियर आता तसंच म्हणतात, कुठून आलं ते न विचारता. आणखी दोन गावांत पंप चाललेत.

या पत्राला पत्ता नाही. टेबलाच्या खणात ठेवतोय. फक्त एक गोष्ट घरी बोललेलो नाही, ती तुम्हाला सांगतो. मस्कतचा एक पंपांचा व्यापारी आला होता. ड्रॉइंग ग्रुपमधून काढून फक्त त्याला द्यायचं, ते चाचा-बिचा पुसायचं, आणि प्रत्येक पंपावर माझ्या एकट्याच्या नावाची पितळी पट्टी. वर चार हजार रियाल. मी नाही म्हटलं, चाचा, पण त्याला नऊ दिवस लागले.